भांड्यांचं दुकान

माझ्या मुलाने लग्न ठरवताना सासरच्या लोकांना सांगितलं होतं, की आईचं मिरजेला भांड्यांचं दुकान होतं. दुकान नव्हतं. टोपली होती. स्टीलची पातेली, डबे, वाट्या घातलेली टोपली डोक्यावर घेऊन मी मिरजेत आणि सांगलीत दारोदार फिरायचे, ‘जुन्या कपड्यांवर भांडीऽऽ’ म्हणून ओरडायचे, आणि बायका घरातले जुने कपडे मला देऊन भांडं घ्यायच्या. ते कपडे मी धुऊन, शिवून, इस्त्री करून बाजारात विकायचे. अशा बाईला बोहारीण म्हणतात. मी बोहारीण होते. चौथी शिकलेली, नवरा लवकर गेलेला, पदरात एक मुलगा. तो इंजिनिअर होऊन नोकरीला लागला तेव्हा त्याने माझी टोपली उतरवली आणि पुन्हा डोक्यावर घेऊ दिली नाही.

दुकानाची थाप त्याची होती. पण पुण्याला लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘स्टीलच ठेवायचात, की पितळही?’’ आणि मी म्हणाले, ‘‘स्टीलच.’’ तिथून ती थाप माझीही झाली.

दोन हजार पाच साली मी पहिल्यांदा अमेरिकेत गेले. मुलगा, सून आणि अडीच वर्षांचा नातू बॉथेल नावाच्या गावात एका अपार्टमेंटमध्ये राहत होते. मुलगा रोज बसने रेडमंडला ऑफिसला जायचा. सून त्याच्याइतकीच शिकलेली, पण तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. दिवसभर ती, मी आणि नातू. बाहेर पाऊस. तिकडचा पाऊस पडतो म्हणण्यापेक्षा उभा असतो म्हणायला हवं, कंटाळा येईपर्यंत.

घर सामानाने भरलेलं होतं. एका मुलासाठी किती सामान लागतं ते मला तिथे कळलं. बाळाला झुलवायची बॅटरीवरची खुर्ची, जेवायची उंच खुर्ची, फिरवायची गाडी, दुसरी हलकी फिरवायची गाडी, गोल चालायची गाडी. कपाटं उघडली की खेळणी अंगावर यायची. एक प्लॅस्टिकची गाय होती, तिला धक्का लागला की ती इंग्रजीत गाणं म्हणायची. सुरुवातीला मी दोनदा दचकले.

एक दिवस सून म्हणाली, ‘‘आई, मी हे सगळं काढणार आहे. इथे चर्चच्या हॉलमध्ये वर्षातून दोनदा सेल असतो, फक्त लहान मुलांच्या वापरलेल्या वस्तूंचा. आपण नीट तयार करून नेऊन द्यायचं. ते विकतात, त्यांचा वाटा ठेवतात, बाकीचे पैसे आपल्याला देतात. कन्साइनमेंट म्हणतात त्याला.’’

‘‘म्हणजे अडत,’’ मी म्हणाले. सांगलीला हळदीच्या पेठेत अडते हेच करतात.

ती हसली. ‘‘हो, अगदी. तुम्हाला दुकानामुळे पटकन कळलं.’’

दुकानाचं नाव निघालं की मी नेहमी गप्प बसायचे. तिला वाटायचं मला जुने दिवस आठवून वाईट वाटतं.

तिने गाद्यांखालून, कपाटांच्या वरून पिशव्या ओढून काढल्या आणि गालिच्यावर उपड्या केल्या. झबली, टोपरी, पायमोजे, स्वेटर, दोन वर्षांपर्यंतच्या पँटी. मी तो ढीग बघितला आणि माझे हात पुढे झाले. हे खोटं नाही, हात आपणहून गेले. इतक्या वर्षांच्या फिरतीत मला लहान बाळांचे कपडे फारसे कुणी दिले नव्हते. लोकांना भीती वाटायची. मुलाचं अंगडं परक्या बाईच्या हातात गेलं, कुणी करणी केली तर? जुनी पँट, विरलेलं पातळ, नवऱ्याचे शर्ट, हे सगळं बायका द्यायच्या, पण झबलं दुसऱ्या बाळासाठी ठेवायच्या नाहीतर जावेला द्यायच्या. आणि इथे एवढा मोठा ढीग, एकही कपडा नीट विरलेला नाही. मनात मी त्याचे डबे मोजायला लागले. झाकणाचा मोठा डबा सहज. वर एक परात. मग शेजारी नातवाकडे लक्ष गेलं, आणि आपण नातवाच्या कपड्यांवर भांडी मोजतोय याची लाज वाटली.

तयारीला आठवडाभर लागला. सून खूश होती. तिला काम मिळालं होतं. नियमांचा कागद तिने फ्रिजवर लावला होता आणि येता-जाता मला वाचून दाखवायची. डाग नको. फाटलेलं नको. बटण तुटलेलं नको. खेळण्यातला एकही तुकडा कमी नको, बॅटरी घालून चालू करून द्यायचं. प्रत्येक कपडा हँगरला, किमतीची चिठ्ठी सेफ्टी पिनने उजव्या बाजूला.

‘‘आणि हँगरचा आकडा प्रश्नचिन्हासारखा दिसला पाहिजे,’’ ती म्हणाली.

‘‘ते का?’’

‘‘सगळे एका बाजूला वळलेले हवेत म्हणून. प्रश्नचिन्ह म्हणजे...’’

‘‘माहीत आहे. चौथीत होतं.’’

उंच खुर्चीच्या शिवणीत वरणभात वाळून दगड झाला होता. तो मी काडीने काढला. फिरवायच्या गाडीची चाकं जुन्या टूथब्रशने घासली. गाडीच्या खाचेत बिस्किटाचा चुरा, एक मनुका आणि नातवाच्या रंगीत रिंगांच्या खेळण्यातली हरवलेली पिवळी रिंग सापडली. सुनेने ती रिंग हातात धरून देवाला नमस्कार केला. नातू प्रत्येक खेळणं पुन्हा ओढून न्यायचा आणि ‘‘नो, माइन!’’ म्हणायचा. वर्षभर त्याने त्या गाईकडे ढुंकून बघितलं नव्हतं. आता विकायची म्हटल्यावर तिला कुशीत घेऊन झोपायला लागला.

भांडण झालं ते जॅकेटवरून.

पावसात घालायचं पिवळं जॅकेट होतं, टोपीला बेडकाचे डोळे लावलेले. नातवाला लहान झालं होतं. सून त्याला चिठ्ठी लावत होती तेवढ्यात मुलगा ऑफिसमधून आला. दारात बूट काढता काढता त्याने खोलीभर टांगलेले कपडे बघितले.

‘‘हे काय चाललंय?’’

‘‘सेल. सांगितलं होतं ना तुला.’’

‘‘मला वाटलं खुर्च्या, गाड्या. कपडे पण?’’

‘‘कपडेच तर जास्त जातात.’’

‘‘जुने कपडे विकणार आपण? आपल्याला काय कमी आहे?’’

‘‘कमी काही नाही, जागा कमी आहे,’’ ती अजून हसत होती. ‘‘अरे, सगळे करतात इथे. ती नागपूरची आहे ना खालच्या मजल्यावरची, तिने तर मागच्या वेळी डायपरची बादली पण विकली यार.’’

‘‘देऊन टाक ना कुणाला तरी. फुकट दे.’’

‘‘फुकट चालेल आणि विकलेलं चालणार नाही? हे काय लॉजिक आहे?’’

तो जॅकेटकडे बघत होता. ‘‘आणि उद्या हा शाळेत जायला लागल्यावर तिथल्या एखाद्या पोराच्या अंगावर हे दिसलं तर?’’

‘‘तर काय? गोड दिसेल ते पोरगं.’’

‘‘तुला नाही कळायचं.’’

‘‘मग सांग ना कळेल असं!’’

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेला. जेवताना म्हणाला, हे असले धंदे त्याला घरात नकोत. धंदे हा शब्द त्याने वापरला. सुनेचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पुढच्या दिवशीही तेच. ती माझ्याजवळ म्हणाली, ‘‘आई, मला कळतच नाही. एवढा कसला कमीपणा? मी काय चोरी करतेय का? मी त्याला एवढा पैशांचा माज असलेला कधी समजत नव्हते.’’

तिला तो माजोरडा वाटत होता. मला माहीत होतं ते काय आहे. तो चौथीत होता. मी त्याला शाळेसाठी एक निळा शर्ट दिला होता, सांगलीच्या एका घरातून आलेला. छान होता, फक्त छातीवर शाईचा डाग होता. त्यावर मी खिसा शिवला. असंच करायचे मी, डागावर खिसा, भोकावर ठिगळ न लावता नक्षी. त्याच वर्षी वर्गात सांगलीहून एक नवा मुलगा आला. त्याने बाई वर्गात नसताना सगळ्यांसमोर सांगितलं, ‘‘हा माझा शर्ट आहे. इथे माझी शाई सांडली होती.’’ आणि खिसा धरून ओढला. खिसा फाटला. खाली शाई होतीच. माझा मुलगा बनियनवर घरी आला. शर्ट त्याने त्या मुलाला परत देऊन टाकला होता. त्यानंतर शाळेत त्याला नावाने कुणी हाक मारली असेल तर बाईंनी. बाकी सगळे ‘बोहारणीचा’ म्हणायचे.

हे मी सुनेला सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. तिचा नवरा तिला कमी लेखत नाही, तो त्या शर्टाला घाबरतो, एवढंच. पण ते सांगायचं तर दुकान जाणार होतं. मी सुनेला चुकीच्या कारणासाठी रडताना बघितलं आणि तिला म्हणाले, ‘‘दमलेला असतो गं तो.’’

त्या दिवसांत मी आणखी एक काम केलं. नातवाच्या पाच-सहा शर्टांवर हळदीचे डाग होते. आमटीचे. हळदीचा डाग साबणाने जात नाही, उन्हाने जातो. कपडा ओला करून उन्हात टाकायचा, संध्याकाळपर्यंत डाग आपोआप उडतो. मी ते शर्ट खिडकीत टांगले आणि उन्हाची वाट बघितली. बॉथेलला ऊन आलं नाही. सून म्हणाली, ‘‘जाऊ दे आई, ते बाजूला ठेवा, घेणार नाहीत.’’ चांगले शर्ट होते. माझ्याच्याने ते बाजूला ठेववले नाहीत. ती आंघोळीला गेली की मी सुई-दोरा घेऊन बसायचे. प्रत्येक डागावर एक लहान फूल भरलं, साखळीच्या टाक्याने. एकावर मासा भरला, कारण डाग लांबट होता. मग ते शर्ट हँगरला लावून बाकीच्यांत मिसळले. प्रश्नचिन्हं सगळी एका बाजूला.

नातवाला नागपूरच्या शेजारणीकडे ठेवून सून आणि मी गाडीत सामान भरून चर्चच्या हॉलवर गेलो. हॉलमध्ये आडव्या दांड्या लावलेल्या होत्या आणि त्यांवर कपडेच कपडे. एवढे जुने कपडे एका ठिकाणी मी जन्मात बघितले नव्हते. वास मात्र जुन्या कपड्यांचा नव्हता. तिकडे कपड्यांना तो येतच नाही, सगळ्यांना साबणाचा.

रांगेत आमच्यापुढे चार-पाच बाया. टोकाला टेबल, टेबलामागे एक म्हातारी गोरी बाई. माझ्याच वयाची असेल. चष्मा गळ्यात साखळीने लटकवलेला. ती माल तपासत होती.

तिने पँट उचलली, दोन्ही अंगठे मधल्या शिवणीत घातले आणि ताणली. मग ट्यूबलाइटसमोर धरून आरपार बघितलं. गुडघ्यावरून तळवा फिरवला. कॉलर उलटी करून नाकाजवळ नेली. नखाने एक ठिपका खरवडला. मग कपडा डाव्या, पसंतीच्या ढिगात टाकला. पुढचा उजव्या ढिगात. समोरची बाई काहीतरी सांगायला लागली, तर हिने तिच्याकडे न बघताच मान हलवली.

मी बघत राहिले. अंगठे कुठे घालायचे ते मला कुणी शिकवलं नव्हतं, मिरजेच्या ओट्यांवर बसून बसून आलं होतं. तिलाही कुणी शिकवलं नसेल.

आमची पाळी आली. आमचे कपडे तिने भराभर डावीकडे टाकले. सून माझ्याकडे बघून खुणेने हसली. मग फुलाचा शर्ट आला. बाईने फूल बघितलं, बोट फिरवलं, काहीतरी कौतुकाचं बोलली. सून चकित झाली, तिने ती फुलं बघितलीच नव्हती. आणि मग त्या बाईने शर्ट उलटा केला.

उलट्या बाजूला फुलाच्या टाक्यांभोवती पिवळं कडं दिसत होतं. बाईने चष्मा लावला. दुसरा शर्ट शोधून काढला, उलटा केला. तिसरा. मासा. मग तिने माझ्याकडे बघितलं. सुनेकडे नाही, माझ्याकडे. कुणाचं काम आहे ते तिला बरोबर कळलं. ती रागावली नाही. ‘सॉरी’ म्हणाली आणि हसली. ते हसू मला पाठ होतं. ‘राहू दे ताई, पुढच्या वेळी बघू’ म्हणताना मी तसंच हसायचे. आणि मग, आधी डावीकडे टाकलेले आमचे सगळे कपडे तिने पुन्हा उजेडात धरून उलटे करून बघायला घेतले. मागे रांग थांबली. सुनेचे कान लाल झाले.

माझ्या तोंडून मराठीत निघालं, ‘‘अहो, विरलेलं नाहीये, बघा तरी नीट. दोनदाच घातलंय.’’

बायका मला जे म्हणायच्या तेच. शब्द न् शब्द. टोपलीच्या दुसऱ्या बाजूला मी आयुष्यात पहिल्यांदा उभी होते आणि लगेच त्यांच्यासारखी बोलायला लागले होते.

सुनेला हसू आवरेना. लाज वाटली की ती हसते, तशी सवय आहे तिला. ‘‘आई, अहो, तुम्ही अगदी बोहारणीशी घासाघीस करताय!’’

मी टेबलाकडेच बघत होते.

‘‘खरंच हो, अगदी तश्शीच आहे ही,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘आमच्याकडे यायची एक. असंच करायची, बोटं घालून. माझी आई तिला जिन्यातच बसवायची आणि मला सांगायची, आधी चपला आत घे. आणि ती गेली की जिना धुवायची. मी त्या बाईला जाम घाबरायचे.’’

त्या बाईने चार शर्ट, एक मासा आणि मी हात न लावलेला एक स्वेटर परत केला. स्वेटरमध्ये काही नव्हतं. विश्वास उडाला की असं होतं. मीही तेच केलं असतं.

गाडीत बसलो. सुनेने किल्ली लावली, वायपर सुरू झाले, पण गाडी काढली नाही.

‘‘तुम्ही मला सांगायचं ना,’’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘‘तिला वाटलं आपण फसवतोय.’’

‘‘फसवतच होते मी.’’

‘‘नाही हो, तुमच्या मनात तसं नव्हतं...’’

‘‘मनात तसंच होतं. डाग झाकायचा आणि खपवायचं. बावीस-तेवीस वर्षं हेच केलं मी.’’

‘‘दुकानात? भांड्यांच्या?’’

आता सांगायला सोपं गेलं, असं मी लिहिलं तर खोटं होईल. मी समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, ‘‘दुकान नव्हतं. तुमच्या जिन्यात बसायची ना, ती मी. म्हणजे तुमच्या पुण्याच्या जिन्यात नाही. सांगलीच्या.’’

मग मी शर्टाची गोष्ट सांगितली, खिशाची, शाईची, बनियनची. ते सांगताना तिने एकदाच माझ्याकडे मान वळवली.

‘‘म्हणून जॅकेट,’’ ती म्हणाली.

‘‘म्हणून.’’

‘‘आणि मी त्याला माज आहे म्हणाले. तोंडावर म्हणाले.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘आणि आत्ता मी काय बोलले तुमच्यासमोर. जिना धुवायची म्हणाले.’’

‘‘धुवायच्याच. सगळ्याच धुवायच्या.’’

मला वाटलं ती माझा हात धरेल, आणि तिने धरला नाही म्हणून मला बरं वाटलं. तिने गाडी काढली. अर्ध्या वाटेत म्हणाली, ‘‘लग्नाच्या वेळी सांगितलं असतं तर माझ्या घरच्यांनी नाही म्हटलं असतं.’’ हे ती रागाने बोलली नाही. हिशेब करून बघितल्यासारखं बोलली. मग म्हणाली, ‘‘मीही म्हटलं असतं बहुतेक.’’

मुलगी प्रामाणिक आहे. मला ते तेव्हा आवडलं नाही.

मुलगा घरी आल्यावर, सून नातवाला भरवत असताना मी स्वयंपाकघरात त्याला सांगितलं.

‘‘तिला सांगितलं मी. टोपलीचं. शर्टाचंही.’’

त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो त्याने न पिताच खाली ठेवला.

‘‘कशाला?’’

‘‘तू बोलत नव्हतास तिच्याशी.’’

‘‘बोललो असतो ना उद्या-परवा. आता रविवारी तिच्या आईचा फोन. आईला सांगितल्याशिवाय राहते का ती? भाजी करपली तरी सांगते.’’

‘‘सांगू दे.’’

‘‘तुझं काय जातंय, तू एप्रिलमध्ये परत जाशील. मला दर दिवाळीला पुण्याला त्यांच्या घरी बसायचंय. सासरे त्या दुकानाबद्दल चार लोकांना सांगून बसलेत. एकट्या बाईने दुकान चालवलं, मुलगा शिकवला म्हणून.’’ आवाज खाली आणून तो म्हणाला, ‘‘तू टोपली घेतलीस म्हणून मी इथे आहे. मला माहीत नाही का ते? पण सांगायचं नव्हतंस.’’

हे त्याने पहिल्यांदाच कबूल केलं. पण त्या ‘पण’पुढचंच माझ्या डोक्यात राहिलं.

दोघं रात्री एकमेकांशी काय बोलले ते मला माहीत नाही. सकाळी सून त्याला डबा देताना त्याच्या शर्टाचा खिसा नीट करत होती, तो उभा राहिला होता. एवढं दिसलं. सेल झाला, उरलेलं परत आणायला तोच गेला. पिवळं जॅकेट विकलं गेलं होतं. त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. गाय परत आली. नातवाने तिला बघितलं आणि पुन्हा कपाटात टाकली.

रविवारी फोन आला. फोन म्हणजे आम्हीच लावायचो, विकतच्या फोन-कार्डावरून, मोठा नंबर दाबून, आणि सगळ्यांना बोलता यावं म्हणून स्पीकरवर. मुलगा सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. मी टेबलापाशी मेथी निवडत होते. तो तिथे मुद्दाम बसला नव्हता, मी मुद्दाम बसले होते. मला ऐकायचं होतं. आणि आपल्याला आत जाऊन बसता आलं असतं, हेही मला कळत होतं.

सुनेच्या आईने आधी नातवाचा खोकला विचारला. मग पुण्यातलं कुणाचं तरी लग्न, मग नळाला पाणी येतं की नाही ते. मग विहीणबाई म्हणाल्या, ‘‘आणि ते तुझं जुन्या सामानाचं काय झालं गं? खपलं?’’

‘‘हो. बरंचसं गेलं.’’

‘‘बाई बाई, काय तुम्ही लोक. बोहारणीसारखे कपडे विकत बसता तिकडे अमेरिकेत जाऊन!’’ आणि त्या हसल्या. चांगल्या मनाने हसल्या. ‘‘सासूबाईंनी काय केलं? त्यांना आवडलं नसेल हो हे.’’

लॅपटॉपवरची बोटं थांबली. मी मेथीची एक काडी हातात धरून बसले. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते. या मुलीने नवऱ्याशी भांडून सांगितलं होतं, की जुने कपडे विकण्यात कमीपणा काय आहे. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि आमचं दोघांचं चूक. आता तिने तेच आईला एकदा म्हणायचं होतं, आणि मी तिने ते म्हणू नये म्हणून धावा करत होते.

‘‘त्यांनीच तर सगळं केलं,’’ सून म्हणाली. ‘‘त्यांना चांगलं कळतं त्यातलं. त्यांचं दुकान होतं ना.’’

‘‘हो, ते आहेच. पण ते भांड्यांचं.’’

‘‘भांड्यांचंच.’’

‘‘मोठं होतं का गं? आमचं कधी जाणं झालं नाही मिरजेला.’’

सून माझ्याकडे बघत नव्हती. ती फोनच्या लाल दिव्याकडे बघत होती. ‘‘खूप मोठं,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्या गावात होतं.’’

विहीणबाई म्हणाल्या, ‘‘हो का? शाखा होत्या वाटतं,’’ आणि मग कार्ड संपत आल्याची सूचना देणारी बाई मध्येच इंग्रजीत बोलायला लागली.

मुलाने श्वास सोडला, तो मला टेबलापाशी ऐकू आला. माझाही सुटला होता. सून फोन ठेवून उठली आणि आमच्या दोघांपैकी कुणाकडेही न बघता नातवाचं नाक पुसायला गेली. आम्ही मायलेक तिथेच बसून राहिलो. निवडलेली मेथी मी पुन्हा निवडली.